ऑपरेशननंतरच्या उलट्या आधीच थांबवता येतात का? मागच्या वेळी हाल झालेत, आता दुसरं ऑपरेशन आहे

सांजवेळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण आता अडचण आलीय म्हणून धागा काढतेय. पुढच्या महिन्यात माझं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, गर्भाशयातली गाठ काढायची आहे, पूर्ण भूल देऊन. ऑपरेशनची भीती नाहीये हो, खरंच नाहीये, भीती आहे ती नंतरच्या उलट्यांची. सहा वर्षांपूर्वी अपेंडिक्सचं झालं होतं तेव्हा शुद्धीवर आले तीच मळमळत, आणि मग संध्याकाळपासून पहाटेपर्यंत नुसतं ओकणं, पोटात काही नाही तरी कोरड्या उलट्या, प्रत्येक उलटीला टाके ताणले जायचे आणि मी उशी पोटाशी दाबून धरून बसायचे. सिस्टरने एक इंजेक्शन दिलं, फरक शून्य, दोन तासांनी परत तेच दिलं, परत शून्य. सकाळी राऊंडला आलेले डॉक्टर म्हणाले "होतं असं कधीकधी". बस्स. एवढंच.

तर प्रश्न असा की हे होतंच असं म्हणून सोडून द्यायचं की आधीच काही करता येतं? आणि बोलायचं कोणाशी, सर्जनशी का? मला लहानपणापासून गाडीही लागते, घाट असला की पिशवी हातात. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

टाकेदार
संबंध आहे असं ऐकलंय. मलाही गाडी लागते आणि पित्ताशय काढलं तेव्हा माझंही अगदी असंच झालं. दुखणं परवडलं पण ती मळमळ नको. लोकांना खोटं वाटतं हे सांगितलं की.

निवांत५७
ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच खाणंपिणं बंद करा, पाणीसुद्धा नको. पोटात काही नसेल तर बाहेर काय पडणार? साधा हिशोब आहे. उगाच औषधांवर औषधं कशाला.

गुंगीवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, हातात सध्या थोडा वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो. निवांतकाका आधी तुमचं, कारण तुमचा हिशोब साधा आहे पण चुकीचा आहे. उपाशी ठेवतात ते नंतर उलटी होऊ नये म्हणून नाही, भूल चढताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. त्यासाठी साधारणपणे घन अन्न ६ तास आधी बंद, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं त्यांचं वेगळं. दिवसभर पाणी तोडून आलेला माणूस सुकलेला असतो आणि त्याला मळमळ उलट जास्त होते. म्हणून तर आम्ही ऑपरेशन चालू असताना सलाईन व्यवस्थित देतो, तोही प्रतिबंधाचाच भाग. आणि सांजवेळताईंनी लिहिलंच आहे की पोट रिकामं असूनही रात्रभर उबळ येत होती. उलटीचा हुकूम पोटातून निघत नाही, मेंदूतून निघतो.

मेंदूच्या खालच्या बाजूला एक छोटीशी जागा आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल असतो. ती रक्त चाखत बसलेली असते, विषासारखं काही आलं की उलटीच्या केंद्राला कळवते. आता भुलेचा गॅस आणि मॉर्फिनच्या जातीची दुखण्याची औषधं तिला विषासारखीच वाटतात. शिवाय आतड्यांना हात लागला की तिथून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि पोटाच्या नसेतून वर निरोप जातो. तिसरा रस्ता कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून, आणि हाच तुमच्या गाडी लागण्याचा रस्ता. म्हणजे संबंध आहे, अगदी थेट आहे.

अ‍ॅपफेल नावाच्या भूलतज्ज्ञाने १९९९ मध्ये चार प्रश्नांचा एक सोपा हिशोब मांडला तो आम्ही अजून वापरतो. बाई आहे का, सिगारेट ओढत नाही का, आधी भुलेनंतर उलट्या झाल्यात किंवा गाडी लागते का, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीची औषधं लागणार आहेत का. एकही नाही तर शक्यता १० टक्क्यांच्या आसपास, मग एकाला २०, दोनला ४०, तीनला ६०, चारही असतील तर ८०. तुम्ही सिगारेट ओढत नसाल असं धरतो, म्हणजे तीन तर नक्की आणि चौथा बहुतेक. त्यामुळे "होतं कधीकधी" हे तुमच्या बाबतीत बरोबर नाही. तुमच्या बाबतीत होणार असंच धरून चालायला हवं.

खडूस
म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांना उलट्या कमी? डॉक्टर हे वाक्य स्क्रीनशॉट काढून बायकोला पाठवलंय, धन्यवाद.

गुंगीवाला
खडूस, कमी होतात हे खरं आहे, पण खोकला, फुप्फुसाचा त्रास आणि न भरणारी जखम फुकट मिळते त्याबरोबर. तोही स्क्रीनशॉट पाठवा.

सांजवेळ
डॉक्टर मनापासून आभार. नाही ओढत सिगारेट. ८० टक्के वाचून पोटात गोळा आला पण निदान मी नाजूक आहे किंवा नाटक करते असं नाही हे कळलं, कारण त्यावेळी घरच्यांचा सूर थोडा तसाच होता. मग आता उपाय काय? मागच्या वेळी इंजेक्शन दिलं होतं ना, ते चाललंच नाही.

पाऊलखुणा
मी रिकव्हरीत (ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात ती खोली) नर्स होते बरीच वर्षं. सांजवेळ, तुझ्या गोष्टीत मला खटकलं ते दोन तासांनी परत तेच इंजेक्शन दिलं हे. बहुतेक ऑन्डॅनसेट्रॉन असणार, आमच्याकडे ट्रेमध्ये हाताशी तेच असायचं. ते एकदा देऊन सहा तासांच्या आत उलटी झालीच तर परत तेच देऊन काही हाती लागत नाही, दुसऱ्या जातीचं द्यायचं असतं. आम्हालाही हे खूप उशिरा शिकवलं कोणीतरी, तोवर आम्हीही तेच करायचो, खोटं कशाला बोलू.

गुंगीवाला
पाऊलखुणाताईंना शंभर टक्के अनुमोदन. एका कुलपाला दोनदा किल्ली लावण्यासारखं आहे ते, दार दुसरंच उघडं असतं. उलटीच्या केंद्राकडे जाणारी (निरोप नेणाऱ्या रसायनांची) दारं अनेक: सेरोटोनिनचं, डोपामिनचं, हिस्टामिनचं, अ‍ॅसिटिलकोलिनचं, आणि एनके१ नावाचं एक. ऑन्डॅनसेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन फक्त सेरोटोनिनचं दार लावतात. ड्रोपेरिडॉल, हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रमाइड ही डोपामिनवाली (मेटोक्लोप्रमाइड नेहमीच्या १० मिग्रॅ डोसला तसं कमजोरच). कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी अ‍ॅसिटिलकोलिनवर. अ‍ॅप्रेपिटंट ही कॅप्सूल एनके१ वर, ऑपरेशनच्या आधी गिळायची, तिचा असर खूप वेळ टिकतो आणि मळमळीपेक्षा प्रत्यक्ष उलटी रोखण्यात ती विशेष चांगली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कुठे आणि कसं काम करतं हे आजही पूर्ण उलगडलेलं नाही पण करतं मात्र नक्की.

२००४ मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटवरचा एक मोठा अभ्यास आला होता. ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ, डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ आणि ड्रोपेरिडॉल १.२५ मिग्रॅ, तिन्हींनी धोका सारखाच, साधारण पाव हिस्सा कमी केला. आणि प्रत्येक औषध स्वतंत्रपणे आपला पाव हिस्सा कापतं, म्हणजे ८० चे ६०, साठाचे साधारण ४४, त्याचे साधारण ३२. म्हणून तुमच्यासारख्यांना एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा वेगवेगळ्या जातीची तीन-चार छोट्या डोसमध्ये द्यायची. पण ज्याचा धोका मुळात १० आहे त्याला एका औषधाने १० चे साडेसात होणार, त्याच्यावर औषधांचा मारा करण्यात अर्थ नाही. निवांतकाकांचं "औषधांवर औषधं कशाला" हे तिथे लागू पडतं, तेवढं मान्य.

बाकी निम्मं काम भूल कशी देतो त्यावर आहे. गॅसऐवजी पूर्ण भूल शिरेतून प्रोपोफॉलने दिली की जवळपास एका उलटीच्या औषधाइतका फायदा तसाच मिळतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा गॅस टाळायचा, विशेषतः तासाभराच्या वरचं ऑपरेशन असेल तर. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी गोळी किंवा इंजेक्शन, टाक्यांच्या जागी बधिर करणारं औषध असं सगळं मिळून वापरलं की मॉर्फिनवाली कमी लागतात. हे सगळं भूलतज्ज्ञाच्या हातात असतं, सर्जनच्या नाही, म्हणून बोलायचं भूलतज्ज्ञाशी आणि तेही टेबलावर झोपल्यावर नाही, आधीच्या तपासणीच्या वेळी. तिथे "काही त्रास?" म्हणून विचारतात तेव्हा लोक बीपी शुगर सांगतात आणि गाडी लागते हे सांगायचं राहून जातं, कारण तो काय आजार आहे का असं वाटतं.

मधुमेही_मी
स्टेरॉइड वाचून दचकलो. माझं हर्नियाचं आहे आणि शुगर आहे. डेक्सा दिलं तर शुगर चढेल आणि टाके पिकतील ना?

गुंगीवाला
शुगर चढते, हो, पहिल्या दिवशी तपासत राहावं लागतं आणि तुमच्या भूलतज्ज्ञाला ते माहीत हवंच. टाके पिकण्याची भीती आम्हालाही होती, पण २०२१ मध्ये साडेआठ हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास आला, मधुमेही धरून, त्यात ८ मिग्रॅच्या एका डोसने जखमेचा जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही. एक डोस आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड खाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शुगर फारच हाताबाहेर असेल तर मात्र दुसरी औषधं आहेत की. तसंच ज्यांच्या ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला विजेचा एक टप्पा) लांबलेला आहे किंवा पोटॅशियम कमी आहे त्यांनी ते ठळकपणे सांगायचं, कारण ऑन्डॅनसेट्रॉन आणि ड्रोपेरिडॉल दोन्ही क्यूटी वाढवतात.

टाकेदार
डेक्साचा एक किस्सा सांगू का, जरा चावट आहे. मला ते जागेपणीच शिरेतून भर्रकन दिलं होतं, आणि जिथे बसतो त्या भागात अशी काही आग आणि खाज सुटली की मी टेबलावरून उठायलाच निघालो. भूलवाले डॉक्टर शांतपणे म्हणाले, जाईल अर्ध्या मिनिटात. गेली. पण तेवढ्यात मी माझ्या सगळ्या पापांची यादी म्हणून घेतली.

गुंगीवाला
हा हा, अगदी पुस्तकातलं वर्णन आहे. म्हणून ते भूल चढल्यावर देतात. तसंही त्याचा असर सुरू व्हायला वेळ लागतो त्यामुळे सुरुवातीलाच द्यायचं असतं, आणि ऑन्डॅनसेट्रॉन शेवटाकडे, कारण ते काही तासच टिकतं. वेळ चुकली की चांगलं औषधही वाया.

आईची_लेक
माझ्या आईचं गुडघ्याचं आहे, वय ७४. तिलाही गाडी लागते, तर ती कानामागची पट्टी तिला लावावी का? बहीण म्हणते तिच्याकडे प्रवासातली उरलेली आहे.

पाऊलखुणा
नको गं, उरलेली पट्टी आपल्या मनाने अजिबात नको. आमच्याकडे एक आजी पट्टी लावून आल्या होत्या, घरच्यांनीच लावलेली, कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली, सुई ओढून काढली, सगळे म्हणे भूल चढली डोक्यात. केसांखाली पट्टी सापडली पहाटे. म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, काचबिंदू असेल तर अजून वेगळा धोका. तरुणांनी लावली तरी हात धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला की बाहुली मोठी होऊन बसते आणि मग मेंदूचा स्कॅन काढायची धावपळ. आणि आईचं वय जास्त आहे हे या बाबतीत चांगलंच आहे, उलट्यांचा धोका तरुणपणी जास्त असतो.

आईची_लेक
बापरे. बरं झालं विचारलं. तिला कमरेतून भूल देणार म्हणालेत, मग त्यात तर उलटी होतच नाही ना?

गुंगीवाला
कमी होते, पण होतच नाही असं नाही. कमरेतल्या भुलेनंतर बीपी एकदम खाली येतं तेव्हा मळमळतं, आईंना आधीच सांगून ठेवा की टेबलावर ढवळायला लागलं तर लगेच बोलायचं, संकोच करायचा नाही, बीपीचं औषध दिलं की बहुधा लगेच बरं वाटतं. तिथे उलटीचं इंजेक्शन नाही, बीपी हाच उपाय. त्याच सुईतून मॉर्फिन दिलं असेल तर मात्र नंतरही मळमळ आणि अंगाला खाज येऊ शकते.

उनाड_मांजर
लहान मुलांचं काय? भाच्याचं तिरळेपणाचं ऑपरेशन आहे, वय ५.

गुंगीवाला
डोळ्याचे स्नायू ओढले जातात म्हणून तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये मुलांना उलट्या बऱ्याच होतात, तीन वर्षांनंतर धोका वाढतो, आणि आईबाबा किंवा भावंडांना असा त्रास झाला असेल तर अजून. ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सा दोन्ही वजनाप्रमाणे देतात मुलांना. एक गोष्ट घरच्यांच्या हातातली: शुद्धीवर आल्यावर "पी रे, पी रे" करून मागे लागू नका. तहान लागली की मागेल तो. जबरदस्तीने पाजलं की हमखास बाहेर येतं.

उनाड_मांजर
हे लाख मोलाचं, कारण आमच्याकडे दोन आज्या आहेत. अजून एक, जरा खासगी. मी गर्भनिरोधक गोळ्या घेते आणि माझंही एक छोटं ऑपरेशन व्हायचंय. वर अ‍ॅप्रेपिटंटचं वाचलं, कुठेतरी ऐकलं होतं की त्याने गोळ्या काम करत नाहीत?

गुंगीवाला
बरोबर ऐकलंय आणि चांगलं केलंत उघड विचारलंत. अ‍ॅप्रेपिटंटनंतर २८ दिवस हार्मोनच्या गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, सोबत दुसरं साधन वापरायचं. भूल उतरवताना सुगामाडेक्स दिलं असेल तर ७ दिवस. पेशंट अर्धवट गुंगीत असताना हे सांगितलं जातं आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा.

निवांत५७
औषधाविना काहीच नाही का मग?

पाऊलखुणा
आहे की काका. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोरीसारख्या दोन स्नायुबंधांच्या मधोमध एक बिंदू असतो, तो दाबायचा किंवा त्याचा पट्टा मिळतो. टोचायच्या आधी पुसतात तो स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून खोल श्वास, हे आम्ही करायचो, काहींना झटकन बरं वाटायचं.

गुंगीवाला
मनगटाचा बिंदू खोट्या बिंदूपेक्षा खरंच बरा ठरलाय तपासण्यांमध्ये, टिंगल करण्यासारखा नाही. अपाय काही नाही, जरूर करा. फक्त ८० टक्केवाल्यांनी त्या एकट्यावर विसंबू नका.

सांजवेळ
धागा वर काढतेय. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले!

तपासणीच्या दिवशी मी कागदावर लिहूनच नेलं होतं: गाडी लागते, मागच्या वेळी बारा तास उलट्या, एकच औषध दोनदा दिलं, उपयोग नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या हे असं लिहून आणतं कोण, आणि फाईलला टाचून टाकला. मग सकाळी एक कॅप्सूल दिली (तीच वरची), गॅस न वापरता शिरेतून भूल, डेक्सा मला झोपवल्यावर (टाकेदार, मी मुद्दाम विचारलं!), शेवटी ऑन्डॅनसेट्रॉन, आणि टाक्यांभोवती बधिर करायचं औषध. शुद्धीवर आले तर घसा दुखत होता, खांदा दुखत होता (तो दुर्बिणीच्या वेळी पोटात हवा भरतात त्यामुळे म्हणे) आणि मळमळ नाही. मी वाट बघत पडले होते, आता येईल मग येईल, विश्वासच बसेना. संध्याकाळी उठून बसवलं तेव्हा एकदा ढवळलं, सिस्टरने परत आडवं केलं, गेलं.

आता गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी घरी निघाले, पंधरा मिनिटांचा रस्ता, आणि गाडीत झाली उलटी. एकच, पण झाली. मला वाटलं आता सुरू झालं परत सगळं. घरी आल्यावर जिभेवर विरघळणारी गोळी दिलेली होती ती घेतली आणि दुखण्याची जी जोरातली गोळी होती ती फोन करून विचारून बंद केली, पॅरासिटामॉलवर भागवलं. नंतर नाही झाली. पोट मात्र तीन दिवस साफ झालं नाही, त्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

गुंगीवाला
वा, फार बरं वाटलं. घरी गेल्यावरचा त्रास हा वेगळा विषयच आहे, दवाखान्यातल्या औषधांचा असर उतरलेला असतो, वर गाडीचे हेलकावे आणि रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी. पन्नाशीच्या आतल्या बायकांना, आणि ज्यांना रिकव्हरीत मळमळलंय त्यांना जास्त होतं. सोबत गोळी दिली हे मॅडमनी छान केलं, मी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतो. बद्धकोष्ठता ऑन्डॅनसेट्रॉनने होते आणि दुखण्याच्या त्या गोळीनेही, दोघं मिळून तीन दिवस म्हणजे नेहमीचंच. आता एकच करा, तुमच्या भुलेच्या नोंदीची प्रत मागून घ्या, कोणती औषधं किती वाजता दिली ते त्यात असतं. पुढचा भूलतज्ज्ञ दुवा देईल.

सांजवेळ
मागितली होती, आधी म्हणाले ती फाईलमध्येच राहते, मग अर्ज दिल्यावर झेरॉक्स मिळाली. अक्षर लागत नाहीये पण आहे.

आईची_लेक
आईचं उद्या सकाळी आठला आहे. पट्टी नाही, पाणी सहापर्यंत चालेल म्हणालेत, ढवळलं तर बोलायचं हे तिला चार वेळा सांगितलंय आणि ती चारही वेळा म्हणालीय की डॉक्टरांना कशाला उगाच त्रास. पाचव्यांदा सांगायला चाललेय. उद्या कळवते.